डॉटफाइलींचा उसना संसार

टर्मिनलवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या नावांच्या फाइली असतात. बॅशआरसी, झेडएसएचआरसी, विमआरसी, गिटकॉन्फिग आणि त्यांची भावंडं. फोल्डरची साधी यादी मागितली तर त्या दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत म्हणून त्यांची कोणी फिकीर करत नाही. सेटिंग आहे, चालू द्या, असं म्हणून लोक मोकळे होतात. इथेच घात होतो. बॅशआरसी हा प्रोग्राम आहे. टर्मिनलची खिडकी उघडली रे उघडली की तो चालतो, तुमच्या नावावर चालतो, आणि तुम्हाला जे जे करायची मुभा आहे ते ते सगळं करायची त्यालाही मुभा असते. तुमच्या एसएसएच किल्ल्या तो वाचू शकतो, क्लायंटचा कोड तो बाहेर पाठवू शकतो, तुम्ही टाइप केलेल्या कमांडऐवजी भलतीच कमांड चालवू शकतो. आणि हा प्रोग्राम आपल्याकडची शिकली-सवरली माणसं अनोळखी माणसाकडून उचलतात, न वाचता चालवतात, आणि एका कमांडमध्ये ऑफिसचा लॅपटॉप, घरचा लॅपटॉप आणि सर्व्हर अशा सगळ्या यंत्रांवर पसरवतात. माझं म्हणणं एवढंच आहे की जी ओळ तुम्ही वाचलेली नाही, ती तुमच्या एकाही यंत्रावर चालता कामा नये. या फाइली सांभाळायला कुठलं साधन चांगलं यावर रात्र-रात्र वाद घालणाऱ्यांनी आधी एवढं करावं.

फाइलींचं हे लपणंसुद्धा कोणी विचार करून ठरवलेलं नाही. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक फोल्डरमध्ये दोन खास नोंदी आल्या: एक टिंब म्हणजे तो फोल्डर स्वतः, दोन टिंबं म्हणजे त्याच्या वरचा. 'एलएस'च्या यादीत त्या येऊ नयेत म्हणून जी तपासणी लिहिली गेली तिने नावाचं फक्त पहिलं अक्षर बघितलं. परिणामी टिंबाने सुरू होणारं प्रत्येक नाव यादीतून गायब झालं. बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडवणाऱ्या मंडळींबरोबर काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ साली ही हकिगत लिहिली आणि ही चूकच होती असं स्वच्छ सांगितलं. त्या चुकीच्या आडोशाला पुढच्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी बिनदिक्कत आपापलं सामान लोकांच्या होम फोल्डरमध्ये टाकायला सुरुवात केली. कोणी फाइल टाकली, कोणी अख्खा फोल्डर, कोणी कॅशचा ढिगारा. फ्रीडेस्कटॉपच्या मंडळींनी २००३ साली त्यावर एक शहाणा नियम काढला: कॉन्फिग एका ठिकाणी, डेटा दुसऱ्या, कॅश तिसऱ्या. गिटने तो २०१२ मध्ये मानला, टीमक्सने २०२० मध्ये. विमला त्यासाठी २०२४ उजाडावं लागलं. बॅश अजूनही होममध्येच बघतो. दोन दशकं उलटून गेली तरी नवे प्रोग्राम होममध्ये घाण करतच आहेत, आणि ते लिहिणाऱ्यांना याचा जाब विचारणारं कोणी नाही. कॉन्फिग आणि कॅश एकाच फोल्डरमध्ये कालवून ठेवणारा प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर नेताना माणसाचा जीव खातो. हा आळस आहे आणि त्याला आळसच म्हटलं पाहिजे.

या फाइली कधी वाचल्या जातात हे तरी किती जणांना ठाऊक आहे? बॅश 'लॉगिन' शेल म्हणून उघडला तर तो आधी यंत्राचं सामाईक प्रोफाइल वाचतो. मग होममध्ये बॅश-प्रोफाइल, बॅश-लॉगिन आणि प्रोफाइल या तीन नावांपैकी जे पहिलं सापडेल तेवढं एकच वाचतो. बॅशआरसीकडे तो आपणहून ढुंकूनही बघत नाही. उलट लिनक्सच्या डेस्कटॉपवर टर्मिनलची नवी खिडकी उघडली तर साधारणपणे बॅशआरसी वाचली जाते आणि ती तीन नावं बाजूला राहतात. मॅकचं टर्मिनल मात्र प्रत्येक खिडकी लॉगिन शेल म्हणून उघडतं. त्यामुळे लिनक्सवर वर्षभर चाललेली बॅशआरसी मॅकवर नेऊन ठेवली की ती नुसती पडून राहते. अशा वेळी मॅन्युअलचं एक पान वाचलं तर दहा मिनिटांत उलगडा होतो. पण ते न वाचता तोच मजकूर दोन्ही फाइलींत चिकटवला जातो, मग एक फाइल दुसरीला बोलावते, दुसरी परत पहिलीला, आणि पाथमध्ये तोच फोल्डर चार-चार वेळा येऊन बसतो. नव्या शेलला उघडायला दोन-दोन सेकंद लागतात आणि खापर लॅपटॉपवर फुटतं. नाचता येईना अंगण वाकडं.

आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलाची गोष्ट सांगते, कारण ती प्रत्येक टीममध्ये घडते. एका फोल्डरमधल्या ज्या फाइलींत जुनं सर्व्हरचं नाव आहे त्या ग्रेपने शोधायच्या आणि त्यांची यादी पुढच्या कमांडला द्यायची, एवढं काम होतं. ग्रेप फाइल दाखवत होता. पुढची कमांड म्हणत होती, अशी फाइलच नाही.

"मॅम, सर्व्हरच गंडलाय. फाइल समोर दिसतेय आणि म्हणतोय नाही."

मी ते आउटपुट 'कॅट'मधून न दिसणारी अक्षरंही दाखव असं सांगून बघितलं. फाइलीच्या नावाच्या मागेपुढे रंगाचे संकेत चिकटलेले होते. स्क्रीनवर ते दिसत नाहीत, नुसतं नाव जांभळं होतं. पण पुढच्या कमांडच्या दृष्टीने ते नावाचाच भाग होते, आणि तशा नावाची फाइल जगात कुठेच नव्हती. त्याच्या बॅशआरसीत ग्रेपला एक एलियास होता: रंग नेहमी लाव. 'आपोआप' लिहिलं असतं तर आउटपुट स्क्रीनवर जातंय की दुसऱ्या कमांडकडे हे बघून ग्रेपनेच ठरवलं असतं. 'नेहमी' लिहिल्यामुळे दोन्हीकडे रंग गेला.

"ही ओळ कुठून आणलीस?"

"आठवत नाही मॅम. एका मोठ्या डेव्हलपरच्या गिटहबवरून पूर्ण सेटच घेतला होता. खूप स्टार आहेत त्याला."

"वाचलास?"

"खूप मोठा आहे, मॅम."

मग आम्ही तो शेजारी बसून वाचला. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये सगळ्या होस्टसाठी ओळखतपासणी बंद केलेली होती आणि ओळखीच्या सर्व्हरांची नोंद थेट कचऱ्यात टाकलेली होती. म्हणजे उद्या मध्ये कोणी भलताच सर्व्हर उभा केला तरी एसएसएच हूं की चूं करणार नाही. गिटकॉन्फिगमध्ये एसएसएल प्रमाणपत्राची पडताळणी बंद. मूळ माणसाच्या कंपनीत प्रॉक्सी असेल, त्याने वैतागून ती ओळ टाकली असेल आणि काढायची राहिली असेल. इथे पुण्यात या मुलाच्या लॅपटॉपवर ती क्लायंटचा कोड आणताना लागू होत होती. दोन अक्षरांचा एक एलियास फोर्स पुश करत होता. पाथच्या सुरुवातीला तर त्या मूळ माणसाच्या होम फोल्डरचं नाव होतं, त्याच्या युजरनेमसकट. कुठल्याशा सामाईक सर्व्हरवर त्या नावाचा फोल्डर कोणी तयार केला आणि त्यात 'एलएस' नावाची स्वतःची फाइल ठेवली, तर या मुलाचा शेल तीच चालवणार.

दुसऱ्याच्या चिठ्ठीवर औषध घेण्यासारखं आहे हे. त्या माणसाचा आजार काय होता ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि तो बरा होऊन कित्येक वर्षं झाली असतील. मुलाचा मला राग आला नाही. ज्यांनी त्याला शिकवायचं त्या सिनियर मंडळींचा आला. नवीन माणूस रुजू झाला की 'हे घे, माझा सेटअप, एक स्क्रिप्ट चालव, काम झालं' असं सांगणारे हेच. वाचून घे, समजलं नाही तर विचार, असं एकही जण म्हणत नाही.

आता इन्स्टॉलरांकडे वळते. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी यांची तऱ्हा. कुठलंही विकसकांचं साधन घ्या. इंटरनेटवरून स्क्रिप्ट ओढून थेट बॅशला पाजायची एक ओळ तुमच्या तोंडावर फेकतात, आणि ती स्क्रिप्ट तुमच्या बॅशआरसीच्या शेवटी स्वतःचं काहीतरी चिकटवून जाते. कोंडा स्वतःच्या ओळींभोवती कुंपण घालतं आणि या कुंपणाच्या आतलं मीच सांभाळणार असं त्यावर लिहून ठेवतं. एसडीकेमॅन मोठ्या अक्षरांत बजावतं की ही ओळ फाइलीच्या अगदी शेवटीच असली पाहिजे. उद्या दुसऱ्या साधनालाही शेवटीच बसायचं असेल तर काय करायचं? माझ्या फाइलीत माझ्या परवानगीवाचून, माझ्या नकळत कोणी का लिहावं? स्क्रीनवर दोन ओळी दाखवा, या फाइलीत टाका म्हणून सांगा, मी वाचून टाकीन. एवढी रीतभात पाळणारी साधनंही आहेत. डायरएनव्ही बघा. फोल्डरमधल्या एन्व्हायर्नमेंट फाइलीतला मजकूर बदलला की तुम्ही 'मंजूर' म्हणेपर्यंत ते ती चालवत नाही. हाच शिरस्ता सगळीकडे हवा होता.

तुमच्या फाइलीत बाहेरून ओळ येणं ही क्षुल्लक बाब वाटत असेल तर हल्लेखोरांच्या पद्धतींची जी यादी मायटर ही अमेरिकी संस्था ठेवते ती उघडून बघा. शेलच्या कॉन्फिग फाइलीत ओळ घुसवून यंत्रावर ठाण मांडणं, याची तिथे स्वतंत्र नोंद आहे. पद्धत अगदी साधी असते. 'सुडो'ला एक एलियास द्यायचा. तुम्ही पासवर्ड टाइप केलात की तो आधी भलत्या फाइलीत जातो, मग खऱ्या सुडोकडे. तुम्हाला काहीच कळत नाही. हजारभर न वाचलेल्या ओळींत ती एक ओळ शोधणार कोण? आणि ओढून पाजलेल्या स्क्रिप्टवर ज्यांचा अजून भरवसा आहे त्यांनी कोडकोव्ह या कंपनीची २०२१ ची घटना आठवावी. त्यांची बॅश स्क्रिप्ट जगभरच्या कंपन्या आपल्या बिल्डमध्ये ओढून चालवत होत्या. जानेवारीच्या अखेरीस कोणीतरी तीत बदल केला आणि ज्यांनी ज्यांनी ती चालवली त्यांच्या एन्व्हायर्नमेंटमधली टोकन आणि किल्ल्या परक्या सर्व्हरकडे जाऊ लागल्या. एप्रिल उजाडेपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. उघडकीला आलं ते एका ग्राहकाने डाउनलोड केलेल्या स्क्रिप्टचा चेकसम जाहीर केलेल्या चेकसमशी ताडून पाहिला म्हणून. हजारो ठिकाणी ती चालत होती, पडताळून पाहिलं एकाने.

आणि एन्व्हायर्नमेंटमध्ये किल्ल्या येतात कुठून? पुन्हा त्याच बॅशआरसीतून. एक्सपोर्ट, पुढे एडब्ल्यूएसची किल्ली, पुढे डेटाबेसचा पासवर्ड, पुढे कुठल्या तरी एपीआयचं टोकन. सोय म्हणून लिहून ठेवलेलं. मग एक दिवस डॉटफाइली सगळ्या यंत्रांवर सारख्या असाव्यात असं वाटतं, त्या गिटमध्ये टाकल्या जातात आणि सार्वजनिक रेपोत पुश होतात. गिटहबने २०१३ च्या जानेवारीत नवा कोड-शोध सुरू केला तेव्हा लोकांनी त्यात खासगी एसएसएच किल्ल्यांची फाइलनावं शोधून पाहिली आणि ढिगाने किल्ल्या बाहेर आल्या. लोकांनी होममधल्या डॉटफाइलींबरोबर अख्खा एसएसएच फोल्डर उचलून टाकला होता. त्यातून धडा घेतला गेला का? नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली गिटहबवरच्या सार्वजनिक रेपोंचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक लाखाहून अधिक रेपोंमध्ये किल्ल्या आणि टोकन उघड्यावर पडलेली त्यांना आढळली, आणि दररोज हजारोंनी नवी भर पडत होती. २०२४ पासून गिटहब सार्वजनिक रेपोत ओळखीच्या धाटणीचं टोकन पुश होताना अडवतं. ओळखीच्या धाटणीचं. तुमच्या क्लायंटच्या डेटाबेसच्या पासवर्डला अशी कोणतीही धाटणी नसते.

किल्ली बाहेर गेल्याचं लक्षात आलं की ती ओळ पुसून नवीन कमिट करायचं आणि सुटकेचा निःश्वास टाकायचा, ही तर जखम मांडीला आणि मलम शेंडीला. गिट काहीच विसरत नाही. मागच्या कमिटमध्ये किल्ली जशीच्या तशी आहे, आणि सार्वजनिक रेपोंवर अशा किल्ल्यांसाठी नजर ठेवून असलेले प्रोग्राम तुमच्या आधी जागे झालेले असतात. पहिलं काम किल्ली रद्द करणं. ज्या सेवेची असेल तिथे जाऊन ती मारायची, नवी काढायची, जुनी कुठे वापरली गेली ते लॉगमध्ये बघायचं आणि वरिष्ठांना कळवायचं. इतिहास साफ करणं त्यानंतर. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं आपल्याकडच्या कंपन्यांवर बंधनकारक केलं आहे. शुक्रवारी संध्याकाळी कळलं, सोमवारी बघू, ही चैन आता नाही.

डॉटफाइली सांभाळणारी साधनं यात भर कशी घालतात तेही सांगते, कारण ती आणणारे हे सांगत नाहीत. ग्नू स्टो १९९३ पासून आहे आणि चांगलं आहे. ते तुमच्या रेपोतल्या फाइलींना होममधून सिमलिंक करतं. पण होममध्ये एखादा फोल्डर अजून नसेल तर फाइलीगणिक सिमलिंक न करता ते अख्ख्या फोल्डरचीच एक सिमलिंक करतं. नव्या लॅपटॉपवर कॉन्फिगचा फोल्डर अजून तयारच झालेला नसतो. अशा वेळी स्टो चालवलंत की तो फोल्डर थेट तुमच्या रेपोत उघडतो. पुढे जो जो प्रोग्राम तिथे काही लिहील, टोकन, इतिहास, कॅश, ते सगळं रेपोत जाऊन पडेल. मग कोणीतरी 'सगळं ॲड कर' म्हणतं, आणि झालं. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं आहे आणि ते टाळायचा पर्यायही दिलेला आहे, पण मॅन्युअल उघडतो कोण.

होम फोल्डरलाच गिटची कार्यभूमी करायची दुसरी युक्ती आहे. बेअर रेपो, एक एलियास, आणि नोंद नसलेल्या फाइली दाखवू नको असं गिटला सांगणं. दिसायला देखणी आहे. पण त्या एलियासने कधी 'सगळं ॲड कर' म्हटलंत तर किल्ल्या, ब्राउझरचं प्रोफाइल, बँकेची स्टेटमेंट सगळं त्यात येतं, आणि जबरदस्तीने 'क्लीन' म्हटलंत तर नोंद नसलेलं जे जे आहे ते कायमचं जातं. स्टेटसमध्ये नोंद नसलेल्या फाइली दिसत नाहीत, पण क्लीनला त्या दिसतात. स्वतःच्या होममध्ये असला सुरुंग पेरून ठेवायची मला गरज वाटत नाही. शेमॉय मला त्यातल्या त्यात पटतं, एका कारणासाठी: बदल लावण्याआधी फरक दाखवायला सांगता येतं, आणि पासवर्ड मॅनेजरमधून किल्ली ऐनवेळी उचलता येते, म्हणजे ती रेपोत लिहावी लागत नाही. पण तो फरक न वाचता पुढे जाणाऱ्याला शेमॉयही वाचवणार नाही. निक्सचं होम-मॅनेजर ज्यांना नोकरीचा भाग म्हणून निक्स येतं त्यांनी वापरावं. दहा फाइलींसाठी नवी भाषा शिकणाऱ्यांनी तो वेळ बॅशचं मॅन्युअल वाचण्यात घालवला असता तर जास्त पदरात पडलं असतं.

एक गोष्ट सगळ्या साधनांना लागू होते. गिट फाइलीच्या परवानग्या सांभाळत नाही, फक्त ती चालवता येते की नाही एवढंच लक्षात ठेवतं. तुम्ही स्वतःपुरती ठेवलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर क्लोन झाली की सगळ्यांना वाचता येईल अशी उतरू शकते. पोस्टग्रेस अशी पासवर्ड फाइल नाकारतो, एसएसएच अशी खासगी किल्ली नाकारतो. योग्यच करतात. त्यावर वैतागून रेपोलाच 'सगळ्यांना सगळं' अशा परवानग्या देणारी माणसं मी पाहिली आहेत.

सर्व्हरवरचा प्रकार याहून गंभीर आहे. आपल्याकडच्या सेवा-कंपन्यांत एकाच सामाईक खात्यावरून दहा जण सर्व्हरवर जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला एखादा आपली लाडकी बॅशआरसी त्या सामाईक खात्यावर नेऊन ठेवतो. आमच्या एका प्रकल्पात रात्री फाइली पाठवणारं काम अचानक बंद पडलं. एसएफटीपी म्हणत होता, आलेला संदेश फार लांब आहे, आणि पुढे आकडा होता १४६६२६४६७५. सगळे नेटवर्कच्या मागे लागले. तो आकडा म्हणजे 'वेलकम' या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली चार अक्षरं होती. एसएफटीपी जोडणीच्या सुरुवातीला चार बाइटांत लांबी वाचतो. कोणीतरी त्या खात्याच्या बॅशआरसीत स्वागताचा संदेश छापणारी ओळ टाकली होती, आणि एसएसएचवरून आलेल्या कामासाठीही तिथला बॅश ती फाइल वाचत होता. लांबीच्या जागी स्वागत आलं. उबुंटूच्या मूळ बॅशआरसीत अगदी सुरुवातीलाच एक पहारा असतो: समोर माणूस नसेल तर इथूनच परत फिर. उसनी फाइल आणताना तो पहारा पुसला गेला होता. सामाईक खात्यावर स्वतःची कॉन्फिग ठेवायचा अधिकार कोणालाही नाही. तिथे प्रॉम्प्ट काळा-पांढरा असेल, एलियास नसतील, जमवून घ्या. रात्री दोन वाजता त्या सर्व्हरवर येणाऱ्या दुसऱ्या माणसाला 'आरएम' म्हणजे आरएमच मिळाला पाहिजे.

सगळ्या यंत्रांवर अक्षरशः एकच फाइल हवी, हा हट्टच मुळात सोडून द्यावा. यंत्रं सारखी नसतात. मॅकबरोबर येणारा बॅश आजही ३.२ आहे, म्हणजे २००६ चा. बॅश ४ चा परवाना जीपीएल ३ झाला आणि ॲपलने तो घेतलाच नाही. २०१९ पासून तर मॅकवर नवीन खात्याला झेडशेलच मिळतो. बॅश ४ मधल्या नावाने शोधायच्या ॲरे मॅकच्या त्या जुन्या बॅशमध्ये चालत नाहीत. मॅकचा 'सेड' बीएसडी वंशाचा, लिनक्सचा ग्नूचा. फाइल जागेवर बदलायचा पर्याय दोघांत वेगळा लिहावा लागतो. होमब्रू जुन्या इंटेल मॅकवर एका ठिकाणी बसतं, नव्यावर दुसऱ्या. विंडोजवर क्लोन करताना गिटने ओळींच्या शेवटी कॅरेज रिटर्न घातला की लिनक्स शेल रिकाम्या ओळींवरसुद्धा न दिसणाऱ्या कमांडच्या नावाने ओरडतो. एका फाइलीत या सगळ्यासाठी जर-तर लिहीत बसलात की ती फाइल तुम्हालाच वाचता येईनाशी होते, आणि न वाचलेल्या फाइलीचं काय होतं ते वर आलंच आहे.

मी ज्या पद्धतीने काम करते ती लिहून ठेवते. सामाईक असं थोडंच, एका बैठकीत वाचून होईल इतकं. त्यात किल्ली नाही, कंपनीचं नाव नाही, क्लायंटच्या सर्व्हरचं नाव नाही. त्याच्या शेवटी एक ओळ: या यंत्राची वेगळी फाइल असेल तर ती वाच. ती वेगळी फाइल गिटमध्ये जात नाही, कधीच नाही. गिटकॉन्फिगमध्ये फोल्डरनुसार वेगळी ओळख जोडता येते, २०१७ पासून. ऑफिसच्या फोल्डरमध्ये ऑफिसचा ईमेल, घरच्या कामात घरचा. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये २०१६ पासून दुसरी फाइल जोडता येते, तिथे क्लायंटच्या होस्टची नावं, तीही गिटबाहेर. सिमलिंक करायला चार ओळींची स्क्रिप्ट पुरते, तिला काय करते आहे ते छापायला लावलेलं आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर घरचा रेपो क्लोन करण्याआधी कंपनीचं धोरण बघितलेलं आहे, कारण नोकरी सोडताना लॅपटॉप परत जातो आणि त्यावर जे राहिलं ते माझं नसतं. एडिटरचे प्लगइन आपोआप अपडेट होत नाहीत. आवृत्ती कुलूपबंद ठेवलेली आहे, बदल वाचून मगच ती उघडते.

यावर मला नेहमी एकच उत्तर मिळतं: वेळ कुठे आहे, डेडलाइन आहे. ग्रेपच्या त्या एका शब्दापायी त्या मुलाची अख्खी दुपार गेली. स्वागताच्या एका ओळीपायी तीन टीम रात्रभर जाग्या राहिल्या. वाचायला वेळ नाही म्हणणाऱ्यांकडे निस्तरायला मात्र वेळ असतो, कारण तेव्हा पर्याय उरलेला नसतो.

टीम लीड मंडळींना माझं सांगणं आहे की नव्या माणसाला स्वतःचा सेटअप देऊ नका. कोरी बॅशआरसी द्या, मॅन्युअलचं पान दाखवा, आणि पहिल्या आठवड्यात त्याने टाकलेली प्रत्येक ओळ तो समजावून सांगू शकतो का ते बघा. साधनं लिहिणाऱ्यांनी लोकांच्या फाइलीत न विचारता लिहिणं थांबवावं आणि होम फोल्डर सोडून ठरलेल्या जागी जावं. आणि तुम्ही, ज्यांच्या यंत्रावर आत्ता उसनी बॅशआरसी चालू आहे, ती आज उघडा. वरपासून खालपर्यंत वाचा. जी ओळ समजत नाही ती काढून टाका, काही मोडलं तर समजून घेऊन परत लिहा. रेपोच्या इतिहासात जुनी किल्ली असेल तर वाचायलाही बसू नका, आधी ती रद्द करा.